अडलेला बुडबुडा

२ फेब्रुवारी

चिंगे,

आशीर्वाद शेवटी लिहीन, आधी माझं भांडण ऐक. काल तुमच्या संस्थेचं पत्र आलं. खाली संचालकांची सही, सहीवर गोल शिक्का. पत्र अडीच ओळींचं. 'आपण पुरविलेली काचपात्रे अस्वच्छ व सदोष असल्याने प्रयोग अयशस्वी झाला. यापुढे आपणाकडून काम घेतले जाणार नाही.' बस्स. कसे आहात नाही, तुमचं काय म्हणणं आहे नाही.

चौतीस वर्षं मी गॅसच्या दिव्यापुढे बसून काच फुंकतोय. दवाखान्यांच्या नळ्या केल्या, कॉलेजांचे चंबू केले, एका विक्षिप्त प्राध्यापकाला पोटात पोट असलेली तीन मजली बाटली करून दिली. आजवर एक वस्तू परत आली नाही. आणि हे म्हणतात अस्वच्छ! अगं, आमच्या घरात जेवायची ताटं एवढी स्वच्छ नसतात. (हे वाक्य काकूला कळवू नकोस.)

आणि सदोष म्हणजे काय? कोन चुकला? मग मोजा ना! तूच मला कागदावर कोन काढून दिला होतास. तळहाताएवढं भांडं, पाचरीसारखं, एका टोकाला निमुळतं, दुसऱ्याला रुंद, आणि आतला कोपरा असा धारदार की डोळ्याला रेघ दिसावी. सहा भांड्यांपायी मी अठरा फोडली. सहा पाठवली ती अशी की माझे गुरू असते तर त्यांनी माझी पाठ थोपटली असती, आणि ते तर कुणाची पाठ थोपटायचे नाहीत.

तू तिथे होतीस. प्रयोगही तुझाच. त्या मनोऱ्यात नेमकं काय झालं ते मला कळेल अशा भाषेत लिही. फोन करू नकोस. दिव्याच्या घरघरीनं माझे कान गेलेत, फोनवर मी नुसतं 'हो का, हो का' म्हणतो आणि मग काकूला विचारतो की काय म्हणाली.

तुझा,
काका

ता. क. आशीर्वाद राहिलाच. आहे.


८ फेब्रुवारी

काका, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मला दोन दिवस काही सुचलं नाही. साहेबांनी असं पत्र पाठवलंय हे मला माहीत नव्हतं. विचारलं असतं तर मी पाठवू दिलं नसतं.

काय झालं ते सांगते. तुम्ही पाण्याची बाटली हलवलीत की बुडबुडा वर येतो. का? पाणी जड म्हणून ते खाली जातं आणि हवेला वर लोटतं. पण आमच्या मनोऱ्यात चोवीस मीटर उंचीवरून पेटी सोडतात. पेटी पडत असताना आतलं सगळं तिच्याबरोबर पडतं, त्यामुळे सव्वादोन सेकंद आत कशालाच वजन नसतं. वर नसतं आणि खालीही नसतं. मग बुडबुड्यानं जायचं कुठे? तो जिथे असतो तिथेच ठाण मांडून बसतो. खाली पुरुषभर जाड गादी असते, तिच्यावर पेटी धप्प पडते आणि जग पुन्हा जड होतं.

वर अवकाशात जी माणसं महिनोन् महिने राहतात त्यांच्यासाठी ही चेष्टेची गोष्ट नाही. कुणी आजारी पडलं आणि सलाईन लावायची वेळ आली, तर पिशवीतली हवा काढायची कशी? इथे नर्स टिचकी मारते, हवा वर जाते. तिकडे टिचकी मारली तर एका बुडबुड्याचे दहा होतात. आणि ती हवा शिरेत गेली तर संपलंच.

म्हणून तुमचं पाचरीचं भांडं. पाण्याला स्वच्छ काच आवडते. वजन नसलं की ते काचेला धरून कोपऱ्यातून सरसर पुढे सरकतं, अरुंद जागा आधी भरून टाकतं आणि बुडबुड्याला रुंद टोकाकडे ढकलतं. पंप नाही, वीज नाही, नुसता काचेचा आकार. चार वर्षं मी याच एका गोष्टीसाठी घासतेय.

आम्ही तीन भांडी टाकली. तिन्हींत बुडबुडा अरुंद टोकाकडून निघाला, थोडा सरकला आणि मध्येच थांबला. तिन्हींत साधारण एकाच जागी. साहेब म्हणाले काचेतच खोट आहे.

काका, तुम्ही मनावर घेऊ नका. साहेबांना उलट पत्र पाठवू नका. महिन्याभरात सगळे विसरतील. झाकली मूठ सव्वा लाखाची.

चिंगी


१३ फेब्रुवारी

चिंगे,

झाकली मूठ? माझी मूठ मी का झाकू? माझ्या हातात काय चोरीचा माल आहे?

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. बुडबुड्याचं छान समजावलंस, काकूलाही कळलं, ती म्हणाली मुलगी हुशार निघाली. पण शेवटच्या चार ओळी वाचून माझं डोकं फिरलं. 'मनावर घेऊ नका'! तुमचे साहेब घाबरवतात का तुला? नोकरीवर गदा येईल म्हणून तू गप्प आहेस का? तसं असेल तर तू गप्पच रहा, तुझं वय गप्प राहायचं आहे. मी म्हातारा आहे, मला काय करतील?

आता माझं ऐक. तूच लिहितेस की पाण्याला स्वच्छ काच लागते. म्हणजे पेटीत ठेवण्याआधी तुमच्याकडे कुणीतरी ती धूत असणार. मी इथून गरम पाण्यानं धुऊन, वाळवून, नीट तपासून पाठवली, पण वाटेत पेंढा, पुठ्ठा, पोस्टातली धूळ, सगळं आलं. तिथे अ‍ॅसिडनं धुवायचा नियम असणारच. आणि सरकारी असो की खासगी, नियम तिथे रजिस्टर, आणि रजिस्टर तिथे सही. ती सही कुणाची?

मी पैजेवर सांगतो, त्या माणसानं भांडी धुतलीच नाहीत. नुसती सही ठोकली आणि चहाला गेला! नाचता येईना अंगण वाकडं. आणि साहेबांनी चोर सोडून संन्याशाला फाशी दिली.

गुपचूप बघून कळव. नाव नको, नुसतं 'न धुता सही आहे' एवढं लिही. पुढचं मी बघतो. मी संचालकांना रजिस्टर्ड टपालानं पत्र टाकणार आहे.

तुझा,
काका


१८ फेब्रुवारी

काका,

ते रजिस्टर कुलपात असतं, मला बघायला मिळणार नाही. आणि खरं सांगू का, त्यानं काय होणार आहे? सहीनं काच स्वच्छ होत नाही.

मला साहेब घाबरवत नाहीत. तुम्हाला इथलं वातावरण माहीत नाही. वर पाठवायच्या प्रयोगांची निवड पंचवीस तारखेला आहे. तीन गटांतून एक जाणार. या घडीला कुणी पत्र पाठवलं, चौकशी लागली, तर माझा प्रयोग आपोआप बाद होईल. फक्त आठ दिवस थांबा. एवढं माझ्यासाठी करा. नंतर हवं ते पत्र पाठवा.

इथे सध्या थंडी आहे. काकूंना नमस्कार.

चिंगी


२२ फेब्रुवारी

चिंगे,

तुझं पत्र आज मिळालं आणि माझं पत्र परवाच गेलं. आता थांबायचं म्हटलं तरी पोस्टाच्या थैलीत हात घालता येत नाही. रागावू नकोस. तुझं नाव त्यात कुठेही नाही, आपलं नातंही नाही. खाली नुसतं दुकानाचं नाव आहे.

तुझ्या उत्तरासाठी का थांबलो नाही ते ऐक. सोमवारी इथल्या मोठ्या दवाखान्याचा भांडारपाल आला. वीस वर्षांच्या ओळखीचा माणूस, चहा घेतल्याशिवाय कधी उठला नाही. दारातच उभा राहून म्हणाला, 'यंदा आम्ही नळ्या बाहेरून मागवतोय. तुमच्या काचेत खोट निघाली म्हणे.' म्हणे! म्हणजे ते पत्र कुठवर पोचलंय बघ. मी त्याला बस म्हटलं. बसला नाही. त्या दिवशी दिवा पेटवला आणि तासभर नुसता बघत बसलो, हातात काच घ्यायची इच्छाच झाली नाही.

म्हणून पत्र टाकलं. काय लिहिलं ते तुला कळावं म्हणून शेवटचा भाग उतरवतो: 'माझी भांडी धुतल्याची सही ज्याने केली, त्याने ती धुतलेली नाहीत असे माझे ठाम म्हणणे आहे. रजिस्टर उघडून त्यास सर्वांसमक्ष विचारावे. ज्याला न केलेल्या कामाखाली सही करताना लाज वाटत नाही, त्यास त्या प्रयोगाच्या खोलीत पुन्हा पाऊल ठेवू देऊ नये.'

कसं झालंय? काकू म्हणाली जरा कडक झालं. मी म्हटलं, मऊ लिहायला मी काय लग्नपत्रिका लिहितोय? उद्या त्या भांड्यातनं कुणाच्या शिरेत हवा गेली असती तर?

तुझ्यासारखी मुलगी तिथे आहे म्हणून मी त्या संस्थेला अजून संस्था म्हणतो. ते काम तुझ्या हाती असतं तर ही वेळच आली नसती. आमच्या घराण्यात कुणी न केलेल्या कामाला 'केलं' म्हटलेलं नाही. उलट केलेलंही कुणाला सांगत नाही, हाच आमचा तोटा.

तुझा,
काका


१ मार्च

काका,

हे पत्र मी चार वेळा फाडलं. आता जसं येईल तसं लिहिते.

ती सही माझी आहे.

रजिस्टर कुलपात नव्हतं. माझ्याच टेबलावर होतं. ते मी तुम्हाला खोटं लिहिलं.

त्या दिवशी मनोऱ्याची आमची पाळी अचानक दोन तास आधी आली. अ‍ॅसिडमध्ये भांडी तासभर ठेवायची, मग सात पाण्यांनी धुवायची, मग गरम हवेत वाळवायची, एवढा वेळ नव्हता. पाळी सोडली असती तर पुढची तीन आठवड्यांनी. मी तुमचं खोकं उघडलं. प्रत्येक भांडं मऊ कागदात, वर तुमच्या अक्षरात चिठ्ठी, 'धुऊन, वाळवून, तपासून'. मला वाटलं, आमच्या काकांची काच, ती काय धुवायची! तुमच्यावर माझा नियमापेक्षा जास्त विश्वास होता. मी सही केली आणि भांडी पेटीत बसवली.

बुडबुडा अडला तेव्हाच मला कळलं. साहेब काचेला शिव्या द्यायला लागले तेव्हा तोंड उघडायचं होतं. मी म्हटलं नंतर सांगू. मग तुम्हाला पत्र गेलं. मग तुमचं मला आलं. तुम्ही त्या माणसाला काय काय म्हणत होतात, आणि प्रत्येक पत्रात मला मात्र शहाणी, हुशार. काका, त्याचा मला तुमच्यावर राग आला. खरंच आला. एखादी शिवी चुकून तरी माझ्या नावानं घालायची होती! मग माझं तोंड उघडलं असतं.

पंचवीसला निवड होती, चोवीसला तुमचं पत्र पोचलं. साहेबांनी सगळ्या गटाला बोलावलं आणि ते मोठ्यानं वाचलं. 'पाऊल ठेवू देऊ नये' इथपर्यंत. मग शिपायाला म्हणाले, धुण्याचं रजिस्टर आण. तो दारापर्यंत गेला तेव्हा मी म्हटलं, 'रजिस्टर नको, साहेब. सही माझी आहे. मी धुतली नाहीत.'

साहेबांनी विचारलं, 'हे पत्र लिहिणारे तुमच्यावर एवढे का चिडलेत?' मी म्हटलं, 'त्यांना माहीत नाही. ते माझे काका आहेत.'

साहेबांनी पत्राची घडी घातली आणि म्हणाले, 'मग तुमच्या काकांचं म्हणणं मला मान्य आहे.' तुमचंच वाक्य त्यांनी मला लावलं. मी प्रयोगाच्या बाहेर आहे. खोलीची किल्ली त्याच दिवशी परत केली. आता दुसऱ्या इमारतीत जुने अहवाल लावायचं काम आहे.

उरलेली तीन भांडी दुसऱ्यांनी नियमानं धुतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टाकली. मला आत जाता येत नाही, म्हणून मनोऱ्यावरच्या मेकॅनिकनं जिन्यात थांबून सांगितलं. बुडबुडा एका दमात रुंद टोकाला गेला, दीड सेकंदसुद्धा लागला नाही. तिन्ही वेळा. प्रयोग निवडला गेला, वर जाणार आहे. त्यावर माझं नाव नाही.

एक गोष्ट राहिली. न धुतलेली भांडी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. पोस्टाची धूळ नव्हती. आतल्या कोपऱ्याच्या रेघेवर, रुंद टोकापासून बरोबर अर्ध्यापर्यंत, तेलकट बोट फिरवल्याचा माग आहे. बुडबुडा तिथेच अडत होता. बोट बारीक आहे. माझं नाही, मी आत हात घातला नव्हता. कुणाचं ते मी विचारत नाही. धुतलं असतं तर ते गेलंच असतं, म्हणून दोष माझाच आहे.

तुम्ही या पत्राला उत्तर नाही दिलंत तरी मला समजेल.

चिंगी


९ मार्च

चिंगे,

'उत्तर नाही दिलंत तरी समजेल'! काही समजत नाही तुला. चार दिवस मी उत्तरच लिहितोय, सगळी चुलीत घालण्याच्या लायकीची.

बोट माझं आहे. करंगळी. भट्टीतून काढून, धुऊन, वाळवून झालं की शेवटी मी आतल्या कोपऱ्यातनं करंगळी फिरवतो. सांधा गुळगुळीत आहे की नाही ते डोळ्याला कळत नाही, करंगळीला कळतं. गुरूंनी शिकवलं, चौतीस वर्षं केलं, प्रत्येक चंबूत, प्रत्येक नळीत. त्यालाच मी 'तपासून' म्हणतो. तुझ्या भांड्यांना तर दोनदा फिरवली, घरचं काम म्हणून. आणि वर बसून जगाला विचारतोय, माझी काच अस्वच्छ कशी? गाढव मी! तुमच्या साहेबांनी 'सदोष' मागे घेतल्याचं पत्र पाठवलंय. 'अस्वच्छ' ठेवलंय. बरोबर केलं त्यांनी. हे लिहिताना सुद्धा मला राग येतोय, पण बरोबर केलं.

साहेबांना मी उलट टपाली कळवलं की बोट माझं, त्याचा दोष त्या मुलीवर घालू नये. एवढंच कळवलं. तुला परत घ्या असं लिहिलं नाही. दोनदा लिहायला घेतलं आणि दोनदा खोडलं. बोट माझं असलं तरी सही तुझी आहे, आणि त्या सहीखाली उद्या कुणीतरी आजारी माणूस झोपणार होता. दुसऱ्या कुणाची सही असती तर मी काय लिहिलं असतं ते तुला माहीत आहे. ते लिहून झालंय. माझ्याच हातानं तुला त्या खोलीतून काढलं, आणि ते वाक्य चांगलं उतरलंय म्हणून मी काकूला दोनदा वाचून दाखवलं होतं. दुसऱ्यांदा वाचताना हात वर करून. आता ते आठवलं की जेवण जात नाही.

पण याहून जास्त राग मला कशाचा आहे ते ऐक. तू धुतलं नाहीस, याचा नाही. घाई होते, माणूस चुकतं, मीही चुकलो. तू मला दोन पत्रं आंधळं ठेवलंस. मी इथे भिंतींशी भांडतोय, आणि माझी पुतणी मला थंडी आहे म्हणून कळवतेय! लहानपणी माझा मापाचा चंबू फोडलास तेव्हा तुकडे ओच्यात घेऊन माझ्यापुढे उभी राहिली होतीस. तेव्हा तुला माझी भीती वाटत होती. आता वाटली नाही, लाज वाटली, आणि ती वाटायला लावली मीच, हुशार हुशार म्हणून. हे मला कळतंय. तरी राग जात नाही, काय करू?

भांडारपालाकडे मी स्वतः गेलो आणि करंगळीचं सांगितलं. म्हटलं, काचेत खोट नव्हती, माझ्या सवयीत होती, सोडली. तो हसला, आणि चहा मागवला. नळ्यांचं बघू म्हणाला. बघेल तेव्हा बघेल.

परवा तुमच्या संस्थेकडून नवं पत्र आलंय. वर पाठवायची बारा भांडी हवीत, तीच पाचर, तोच कोन. तुझ्या कागदाची नक्कल जोडलीय, खालचं तुझं नाव कापून. ते कापलेलं पाहिलं तेव्हा काम परत पाठवावंसं वाटलं. मग विचार केला, काम परत पाठवून कुणाचा बुडबुडा निघणार आहे? करतोय. करंगळीला चिंधी बांधून बसतो. तरी बोट आपोआप उठतं, मेलं.

आणि रविवारी सकाळच्या गाडीनं इकडे ये. सबबी नकोत. मला तुझ्यावर ओरडायचंय, आणि कागदावर ते होत नाही, अर्ध्यातच मला तुझी बाजू सुचायला लागते. काकू म्हणते मुलीला दोन दिवस तरी ठेवून घ्या. मी म्हटलं चार. एवढा राग दोन दिवसांत संपणार नाही.

तुझा,
काका